चाळीस सेकंद

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भावना सिस्टरने ऊब देणाऱ्या तीन नंबरच्या वॉर्मरवरील नवजात बाळाच्या काखेतून थर्मामीटर काढला. ३८.२. तिने तो पुसला, पुन्हा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. पुन्हा ३८.२.

चार दिवसांत ताप आलेले हे तिसरे बाळ. आधीच्या दोघांना औषध लागू पडले होते. हे मात्र खोलीतले सर्वांत लहान, पंधराशे ऐंशी ग्रॅम. फाइलवर नाव ‘अंबरीनचे बाळ’. अंबरीन वरच्या मजल्यावर होती. बाळंतपणात झटके आल्यापासून तिला पलंगावरून उठू देत नव्हते. तिच्या जागी तिची सासू शहाजादीबी घनसावंगीहून जीपने आली होती. गेले सहा दिवस ती नातवाला उबेसाठी उघड्या छातीशी धरून बसत होती. आत बाळ, वरून चादर, एका वेळी तासभर. बाळ रोज पंधरा-वीस ग्रॅमने वाढत होते.

भावना बेसिनपाशी गेली. मनगटावर घड्याळ नाही, बांगडी नाही, नखे मुळापर्यंत कापलेली. बाटली दोनदा दाबून तिने साबण घेतला. तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके, मनगटे. चाळीस सेकंद. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे शिकवले होते. कोणी तिसाव्या सेकंदाला नळ बंद केला तर ती पुन्हा पहिल्यापासून धुवायला लावी. डॉक्टर साळवेसुद्धा तिच्यासमोर ओठ हलवत आकडे मोजत. बाटली कधी रिकामी नसे. ते काम सफाईच्या केशरबाईचे, आणि त्यात तिची चूक कधी निघाली नव्हती.

हात कोरडे करून भावना वळली तेव्हा शहाजादीबी बाळाला वॉर्मरवरून छातीशी घेऊन खुर्चीत बसली होती. खुर्चीखाली तिची कापडी पिशवी दिसली. पिशवीच्या तोंडाशी बोटाएवढी बाटली, तळाला पिवळसर काहीतरी.

“हे काय आहे?”

“मध हाय बेटा.”

“बाळाला चाटवला?”

शहाजादीबीने चादर सारखी केली. “पैल्या दिवशी. एक बोट. रिवाज हाय आमच्यात.”

“दुधाशिवाय काही द्यायचं नाही, हे सांगितलं नव्हतं का मी?”

“तुम्ही सांगायच्या आधी दिल्ता. मंग न्हाई दिला. बाटली पिशवीतच राहून गेली.”

“ह्याच हाताने खोलीत सगळीकडे फिरता तुम्ही.”

“हात तर धुते ना बेटा. तुम्ही दाखवलं, बराबर तसेच. तीन तीन बार धुते.”

भावनाने बाळ तिच्याकडून घेतले आणि वॉर्मरवर ठेवले.

“बाहेर बसा. मी सांगेपर्यंत आत यायचं नाही.”

दाराबाहेरच्या बाकावर द्वारकाबाई होतीच. नातीच्या टाळूला तेल चोळल्याबद्दल तिची हकालपट्टी परवाच झाली होती. ती सरकून बसली.

“या बाई. मला सोबत झाली. तुमचा काय गुन्हा?”

“मध.”

“माझं तेल. ही सिस्टर एखाद दिवशी देवाला बी हात धुवायला लावंल.”

शहाजादीबी हसली नाही. दाराच्या गोल काचेतून तीन नंबरचा वॉर्मर दिसतो का, ते ती मान वाकडी करून पाहत होती.

“सगळ्यांचे स्वॅब घ्या,” डॉक्टर साळवे म्हणाले. “माझेही. कोणाला सोडू नका.”

भावनाने कापूस लावलेल्या काड्या काढल्या. नळ, दाराची मूठ, थर्मामीटर, दूध काढायची वाटी, साबणाची बाटली, वजनकाटा. मग केशरबाईचे हात, डॉक्टरांचे, स्वतःचे. दहावी काडी घेऊन ती बाहेर आली. शहाजादीबी आवारातल्या नळावर नमाजाआधीचा वजू करून येत होती, कोपरांपर्यंत ओली. भावनाने तिच्या बोटांवरून काडी एकदा फिरवली. मग पुन्हा एकदा, नखांच्या कडेने, जोर देऊन.

नमुने दुपारच्या बसने जालन्याच्या प्रयोगशाळेकडे गेले.

शुक्रवारी भावना एका जागी पाच मिनिटे बसली नाही. वॉर्मरपाशी जायची, नोंद करायची, बेसिनपाशी जायची, पुन्हा वॉर्मरपाशी. तिच्या हातांची कातडी बोटांच्या पेरांवर फुटली होती आणि साबण लागला की चुरचुरत होती. दार उघडले की बाकावरची शहाजादीबी उठून उभी राही. भावना नकारार्थी मान हलवी. ती पुन्हा बसे. गावी परत जा, असे द्वारकाबाईने तिला दोनदा सांगून पाहिले. बाळाला छातीशी धरायला कोणी नव्हते. सकाळी वजन पंधराशे पासष्ट भरले होते. शनिवारी सकाळी पंधराशे चाळीस.

“औषध चालू आहे, मग उतरत का नाही?” तिने डॉक्टरांना विचारले.

“रिपोर्ट येऊ द्या. आत्ता आपण अंधारात बाण मारतोय.”

शनिवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी रिपोर्ट भावनाच्या फोनवर आला. दहा ओळी. नळ, मूठ, वाटी, वजनकाटा यांच्यापुढे काही नव्हते. थर्मामीटरपुढे एका जंतूचे नाव होते. तेच नाव डॉक्टरांच्या हातांपुढे. केशरबाईच्या हातांपुढे. साबणाच्या बाटलीपुढे. तेच नाव आणि ‘भरपूर वाढ’ असा शेरा भावनाच्या तळहातांपुढे होता.

दहावी ओळ: शहाजादीबी, बोटे. काही आढळले नाही.

तिने फोन खिशात घातला आणि सवयीने बेसिनपाशी गेली. हात बाटलीवर पडला. तिथेच थांबला. मग तिने बाटली उचलून उजेडात धरली. आतला साबण पातळ होता, आणि तळाशी पांढुरका थर होता.

“केशरबाई, ही बाटली कशी भरता?”

“कशी म्हंजे? खाली गेली की वरून भरते. श्टोरच्या डब्यातला साबन, आन् पानी.”

“कुठलं पाणी?”

“त्या कोपऱ्यातल्या डरमातलं. नळाचं पानी कदी बी जातं आपल्याकडं. तरी डरम म्या रिकामा पडू दिला न्हाई कदी.”

“पाणी कोणी घालायला सांगितलं?”

केशरबाईने तिच्याकडे जरा नवलानेच पाहिले.

“तुमीच की ताई. दिवाळीत साबन सरला व्हता, गाडी येईना. तुमी म्हन्ल्या, निम्मं पानी घाला, पर बाटली रिकामी दिसता कामा नये. तवापासून घालून राह्यले.”

“पण नंतर डबे आले होते.”

“आले ना. पर आता बंद करा, असं कुठं कोन म्हन्लं?”

भावनाला ते आठवले. पाडव्याचा दिवस. फोन कानाला, जिन्यावरून उतरताना मागे वळून टाकलेले एक वाक्य. तेव्हा ते वाक्य तिला हुशारीचे वाटले होते.

पुढच्या तासाभरात बरेच काही झाले. डॉक्टर साळवेंनी रिपोर्टवरून इंजेक्शन बदलले. खोलीतल्या सगळ्या बाटल्या पिशवीत बांधून सील झाल्या. ड्रम पालथा पडला. स्टोरमधून बंद झाकणाच्या नव्या बाटल्या आल्या. शेवटी डॉक्टरांनी एक छापील फॉर्म भावनासमोर ठेवला. रकाने तीन: कुठे आढळले, कशामुळे, कोणाच्या सूचनेवरून.

“केशरबाई ठेक्यावर आहे,” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “तिनं मनानं केलं असं वर गेलं, तर ठेकेदार अप्पाराव उद्याच तिला घरी बसवेल. कोणी सांगितलं होतं का, ते तेवढं विचारा. सहापर्यंत द्या मला.”

भावनाने पहिले दोन रकाने भरले. मग दाराशी चाहूल लागली.

“ताई, माझं नाव वर जाईन का?”

“तुम्ही फरशी पुसून घ्या, केशरबाई.”

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी भावनाने खोलीचे दार उघडले. शहाजादीबी उठून उभी राहिली. या वेळी भावनाने मान हलवली नाही. ती दारातून बाजूला झाली.

शहाजादीबी वॉर्मरकडे धावली नाही. ती आधी बेसिनपाशी गेली, बाह्या वर केल्या आणि बाटली असायची तिथे हात नेला. तिथे फक्त गोल डाग होता. भावनाने नव्या बाटलीचे झाकण फोडले आणि साबण तिच्या तळहातावर ओतला. तळहात, मागची बाजू, बेचक्या. म्हातारीने एकही पायरी चुकवली नाही.

“मेरे शहद से हुवा ना, बेटा?” तिने हातांवरची नजर न काढता विचारले. “दो दिन से वहीच सोच रही मैं.”

“नाही. मधाने नाही झालं.”

“मंग?”

दारात केशरबाई ओले फडके धरून उभी होती. नळ चालू होता. शहाजादीबीने हात चोळणे थांबवले नव्हते. उत्तराची वाट पाहता पाहता तिचे ओठ आकडे मोजत होते, तीस, एकतीस, बत्तीस.

“बाळाला घ्या आधी,” भावना म्हणाली.

सायंकाळी सहा वाजता ताप ३७.९ होता. नव्या इंजेक्शनचा पहिला डोस जाऊन सव्वा तास झाला होता. बाळ आजीच्या छातीवर होते, चादरीखाली. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट सोमवारी येणार होता. टेबलावर पेनचे टोपण काढलेले होते आणि फॉर्मचा तिसरा रकाना कोरा होता.