सातवं कलम

आमच्या बाहेरच्या खोलीत अभियंता मंडळाची आचारसंहिता चौकटीत लावलेली होती. सात कलमं आणि खाली सोनेरी शिक्का. पहिलं कलम होतं, लोकांचा जीव सर्वांत आधी. आमचे हे, आरोन नवगावकर, आल्यागेल्याला ते वाचून दाखवायचे. "सिनेगॉगमध्येसुद्धा इतक्या भक्तीनं वाचत नाही तुम्ही," मी चिडवायची.

छप्पन साली पनवेलच्या खाडीवर होड्यांसाठी नवा धक्का बांधायला घेतला. सरकारतर्फे देखरेख यांची, बांधकाम इंजिनिअर काशीराम प्रधानांचं. ते मंडळाचे उपाध्यक्षही होते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवारी आमच्यात काम नाही, लेखणीलाही हात लावायचा नाही. हे गावाला ठाऊक होतं, तसं प्रधानांनाही होतं. धक्क्याचे सगळे खांब त्यांनी शनिवारी ओतले.

आम्हाला सांगितलं ते मासे घालणाऱ्या गुणाबाईनं. "बाई, सायबांना सांगा. खांबात खाडीची रेती घातली, धुतली पन नाय. शिंपल्या हायेत तिच्यात, आमी डोल्यांनी पायलं."

हे रविवारी गेले आणि खांबाचा एक ढलपा काढून घेऊन आले. त्यात शिंपला होता, माझ्या नखाएवढा. खाऱ्या रेतीनं आतलं लोखंड गंजतं, पाच वर्षांत खांब बसेल, असं हे म्हणाले. खात्यातल्या वरिष्ठांनी कानांवर हात ठेवले. मग यांनी मंडळाला पत्र लिहिलं. "नाहीतर मंडळ आहे कशाला, फ्लोरा?" मला त्या दिवशी यांचा फार अभिमान वाटला.

महिन्यानं उत्तर आलं. सातवं कलम: सभासदानं दुसऱ्या सभासदाच्या कामाची निंदा करू नये. ते यांनी मोडलं होतं. माफी मागा, नाहीतर नाव कमी करू. रेतीबद्दल एक अक्षर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

हे पंधरा दिवस अडून बसले. मग मंडळाचे चिटणीस मोटारीनं घरी आले, तेही शनिवारी. माफीनामा टाइप करूनच आणला होता. "सोमवारी कमिटी आहे. आज सही झाली तर प्रकरण मिटलं."

"आज मी लिहीत नाही," हे म्हणाले.

तेव्हा आमच्या मुलीचं, सॅलीचं, लग्न ठरत होतं. मंडळातून काढलेला इंजिनिअर म्हणजे वाळीत टाकलेला माणूस. त्याच्या मुलीला कोण करून घेणार? मी घाबरले, खरं सांगते. टाक उचलून मीच यांच्या हातात दिला. "अहो, एकदाच करा. देव समजून घेईल." यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. चिटणीस माझ्या हातचा चहा पिऊन गेले.

एकसष्ट साली, एका मंगळवारी दुपारी, होड्या लागल्या असताना दोन खांब बसले. पाट्या घेऊन उभ्या असलेल्या तीन कोळणी खाली गेल्या. त्यांतली एक गुणाबाईची सून, शांती.

चौकशी झाली. मंडळानं तज्ज्ञाचं मत म्हणून एकच कागद पाठवला, तोच टाइप केलेला माफीनामा. "मी स्वतः पाहणी केली असता रेती उत्तम प्रतीची आढळली." खाली आरोन नवगावकर, तारीख शनिवारची. निकाल लागला की बायकांनी पाट्या फार भरल्या होत्या. मंडळानं शोकप्रस्ताव केला आणि आचारसंहिता नव्यानं छापली, जाड कागदावर. एक प्रत आम्हालाही आली. नव्या प्रतीतही सातवं कलम जागच्या जागी होतं.

शांतीचं दिवसकार्य झाल्यावर गुणाबाई दारात आली. डोक्यावर पाटी नव्हती. "बाई, मी सांगितलं व्हतं ना तवा? सायबांनी लिवलं नाय का कुटं?"

हे आत खुर्चीत बसले होते. चौकट यांनी केव्हाच उतरवली होती, भिंतीवर नुसता खिळा होता.

"लिहिलं होतं," यांनी आतूनच सांगितलं.

"मंग?"

मीच म्हणाले, "मग खोडलं, गुणाबाई. मी खोडायला लावलं. सॅलीच्या लग्नासाठी."

तिनं पदर खोचला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"त्या लग्नाची मासली शांतीनंच साफ केलती," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.