पाचशे म्हणजे पाचशे

चिमटीला सुट्टीत काम हवं होतं आणि ते तिला कुणी देत नव्हतं. तेराव्या वर्षी माणसाला काम कशाला हवं असतं, असं विचारणारे लोक स्वतः कधी तेरा वर्षांचे नव्हतेच असं दिसतं. बेकरीवाल्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, "मोठी हो, मग ये" म्हणाला आणि हातावर एक बिस्किट ठेवलं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं, फक्त बिस्किट दिलं नाही. सायकलवाल्याने तर चाकातून मान वरही काढली नाही. "अठरा," एवढंच तो म्हणाला.

शेवटी हो म्हटलं ते खेळघराने. खेळघर म्हणजे खेळण्यांचं ग्रंथालय. पुस्तकासारखं खेळणं घरी न्यायचं आणि पंधरा दिवसांनी परत आणून द्यायचं. परत आलेली खेळणी साबणाच्या पाण्याने पुसायची, बाहुल्यांचे हातपाय जागच्या जागी आहेत का बघायचं, जिगसॉ पझलचे तुकडे मोजायचे, अशी तिथली कामं. पगार नव्हता. पण सलग आठ शनिवार आलं की मोठ्या खिशाचा पिवळा एप्रन मिळायचा, आणि चिमटीचा सगळा जीव त्या एप्रनात अडकला होता.

फॉर्मच्या तळाशी मात्र एक बारीक ओळ होती. चौदा वर्षांखालील मुलांसोबत पालक हवा. आईला शनिवारीही ऑफिस, बाबा परगावी कामाला. राहता राहिले आजोबा.

आजोबांनी नट-बोल्टच्या कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. त्यांच्या हातून एक वायसर इकडची तिकडे झाली नाही, असं कारखान्यात म्हणत, आणि घरी ते स्वतः म्हणत. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नाही, म्हणून रात्रीची भांडी घासून झाली की ते चमचे मोजायचे. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. चमच्यांचा आकडा ते आपणहून सांगायचे आणि कुणी ऐकायचं नाही.

"तुम्ही फक्त बसायचं," चिमटीने बजावलं. "दाराजवळ पालकांची खुर्ची आहे. मधे मधे बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय? मी पेपर वाचेन."

पहिल्या शनिवारी पेपर अकरा मिनिटं टिकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि चिमटीच्या खांद्यावरून आजोबांचा चष्मा डोकावला.

"एकेक करून मोजतेस? मधेच कुणी शिंकलं म्हणजे?"

"आजोबा, खुर्ची."

"दहा-दहाचे ढीग कर. दहा ढिगांची एक ओळ. पाच ओळी झाल्या की पाचशे. मग जगाला शिंकू दे."

ढीग झाले, ओळी झाल्या, आणि आजोबा खुर्चीवर परत गेलेच नाहीत. दुसऱ्या शनिवारी ते घरून स्वतःचं पेन घेऊन आले. तपासून झालेल्या खोक्यावर चिठ्ठी लागू लागली: 'नग ५००. तपासले.' खाली त्यांची लफ्फेदार सही. पोरं त्यांच्याभोवती जमायची. पोरांना ते सांगत की सिंहाच्या आयाळीचे तुकडे आधी शोधावेत, कारण आकाश कुठे पळून जात नाही. खेळघर चालवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या कौतुकाने बघत राहायच्या. कोपऱ्यात चिमटी एका हत्तीचे कान पुसत असायची.

चौथ्या शनिवारी ताईंनी कपाटातून पिवळा एप्रन काढला आणि सगळ्यांसमोर आजोबांच्या गळ्यात घातला. "आठ शनिवारांचं काम तुम्ही चारांत केलंत," त्या म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिमटीनेही वाजवल्या. हातांना काय, ते वाजतात.

आयत्या बिळावर नागोबा, ती मनात म्हणाली. काम शोधलं कुणी? उन्हातान्हात दारं कुणी ठोठावली? बेकरीवाल्याचं बिस्किट कुणी पचवलं? आणि एप्रन कुणाला, तर खुर्चीवर बसायला आणलेल्या माणसाला. तिला इतका राग आला होता की हत्तीचा कान तिने तीनदा पुसला.

त्याच दुपारी आजोबांनी दीपगृहाचं पझल मोजून संपवलं. चित्रात खाली समुद्र, वर आभाळ, मधे दीपगृह आणि टोकाला पिवळाधमक दिवा. सही केलेली चिठ्ठी झाकणावर ठेवून ते चिकटपट्टी आणायला आत गेले. चिमटीने खोक्यात हात घातला. समुद्राचा तुकडा घेतला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने दिव्याचा घेतला. आजोबा आले, त्यांनी झाकण लावलं, चारी बाजूंनी पट्टी मारली आणि खोक्यावर थोपटलं.

सहाव्या शनिवारी एक आई आपल्या छोट्या मुलाला घेऊन आली. मुलाचे डोळे सुजलेले होते. "सगळं लावलं त्याने," ती म्हणाली, "पण दिवाच नाही. पलंग हलवला, केरसुद्धा चाळला."

"होतं असं कधी कधी," ताई म्हणाल्या.

आजोबांनी खोका टेबलावर उलटा केला. दहा-दहाचे ढीग. दहा ढिगांची ओळ. शेवटच्या ढिगात नऊ. त्यांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा, एकेक करून, बोट ठेवून. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चिठ्ठी हातात घेतली.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी एप्रन काढला, घडी घातली आणि ताईंच्या टेबलावर ठेवला. घरी येताना वाटेत ते दोन वेळा थांबले. त्या रात्री चमचे कुणी मोजले नाहीत.

चिमटीला वाटलं होतं, मजा येईल. तिच्या डोळ्यांसमोर आजोबांची थोडी फजिती होती, थोडं हसू होतं. बुधवारी सकाळी ती दात घासत होती तेव्हा स्वयंपाकघरातून आजोबांचा आवाज आला.

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या यापुढे तूच मोजून देत जा," ते आईला सांगत होते. "माझा भरवसा नाही आता. दोनाच्या जागी तीन घ्यायचो."

चिमटीच्या तोंडातला फेस तसाच राहिला. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की आरशातही बघवेना.

तीन दिवस तिने डोकं चालवलं. तुकडा मांडणीखाली टाकायचा आणि "सापडला, सापडला" म्हणत नाचायचं, हा बेत सगळ्यात सोपा होता. चोर सुटला असता, दिवाही लागला असता. पण आजोबा काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं. ते म्हणणार, म्हणजे माझ्याच हातून पडला. आणि गोळ्या आईच मोजत राहिली असती.

शनिवारी चिमटीला चौदा वर्षं पूर्ण झाली. आईने रजा घेऊन केक आणला होता. आजोबांनी तिला नवं पेन दिलं, स्वतःच्या पेनासारखंच, आणि पेपर उघडून बसले.

"आजोबा, खेळघर. नऊ वाजले."

"आता तुला पालक लागत नाही. नियम वाचलाय मी. जा एकटी."

हेच तर तिला हवं होतं. दारात बूट घालून ती उभी राहिली, बाहेर गेली, जिना उतरली आणि पुन्हा चढून आली. आजोबांच्या पेपरवर तिने दिव्याचा तुकडा ठेवला.

"मी काढला होता," ती म्हणाली. "तुम्ही चिकटपट्टी आणायला गेलात तेव्हा. एप्रन तुम्हाला मिळाला म्हणून."

आजोबांनी तुकडा उचलून उजेडात धरला.

"मोजून झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सही झाल्यावर?"

"सही झाल्यावर."

"म्हणजे सही केली तेव्हा पाचशे होते."

"होते, आजोबा."

"पाचशे म्हणजे पाचशे," ते म्हणाले आणि ताडकन उठले. चिमटीने बोलणी खायची तयारी ठेवली होती, पण ते तिला ओलांडून स्वयंपाकघरात गेले. "ती गोळ्यांची डबी इकडे दे," त्यांनी आईला फर्मावलं. बाहेर येता येता चिमटीला म्हणाले, "तुझं नंतर बघतो." आणि बूट शोधू लागले.

खेळघरात ताईंना सगळं चिमटीनेच सांगितलं, एका दमात, जमिनीकडे बघत. मग आजोबांनी ढीग लावले आणि शेवटच्या ढिगातला दहावा तुकडा तिला ठेवायला लावला. नवी चिठ्ठी झाली. छोट्याच्या आईला फोन झाला. ताईंनी एप्रन आजोबांच्या गळ्यात परत घातला आणि चिमटीकडे वळल्या.

"हिचं काय करायचं?"

"हिचे शनिवार पुन्हा एकपासून मोजा," आजोबा म्हणाले. "स्टोअरचा नियम आहे."

चिमटीने मान हलवली. तिला ते बरोबर वाटलं.

मग आजोबांनी हजेरीची वही ओढली. इतके शनिवार ते पालकांच्या रकान्यात सही करत आले होते. आज त्यांनी स्वयंसेवकांच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, वय चौऱ्याहत्तर. शेजारच्या पालकांच्या रकान्यात लिहिलं, 'नात, वय १४.'

"आजोबा, हा रकाना लहान मुलांसाठी आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला पालक कशाला?"

"असू द्या," आजोबा म्हणाले. "तुकडे पळवते, पण कुणी न विचारता खरं सांगते. छत्तीस वर्षांत मला स्टोअरमध्ये असा माणूस मिळाला नव्हता."

चिमटीने नव्या पेनाचं टोपण काढलं, पुढचा खोका ओढला आणि दहा-दहाचे ढीग लावायला बसली.