माझ्या डोक्यावर टांगलेली वीट

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हर्सूलमधल्या एका गोठ्यात कडबा कुट्टीचं यंत्र सुरू होता होता बंद पडलं. घरातले दिवेही गेले. थंडीचे दिवस, मंगळवार, आणि असं होण्याची ही सलग चौथी सकाळ.

मित्रांनो, मी त्या गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवरचा जुना सॉकेट आहे. घरातले मला ‘बाहेरचं बटण’ म्हणतात, कारण माझं बटण माझ्या शेजारीच आहे. सात वर्षांपूर्वी सोनाजीनं मला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून आणलं. त्याचे वाडवडील मेंढ्यांमागे रानोमाळ फिरले. सोनाजी कंपनीत कामाला जातो आणि घरी अठ्ठावीस शेळ्या पाळतो. त्याची आई आक्काबाई पूर्वी सगळी वैरण विळ्यानं कापायची. तिचा खांदा निकामी झाला, तेव्हा यंत्र आलं आणि यंत्रासाठी मी आलो. दसऱ्याला यंत्राला हार मिळायचा आणि मला हळदीकुंकवाचं एक बोट. तेवढ्यावर मी खूश होतो.

माझं एक झाकण होतं. दोन वर्षांपूर्वी एका बोकडानं शिंग मारून ते तोडलं. नवीन आणू, असं सोनाजी म्हणाला. मग राहून गेलं.

यंत्र बंद पडू लागल्यावर आधी यंत्रावर संशय आला. सोनाजीनं ते ओढत घरात नेलं, आतल्या सॉकेटवर लावलं. ते बिनतक्रार चाललं. मग ट्रिप स्विचवर संशय आला, तोही नवा बसवला. बुधवारी सकाळी तोही पडला. बिभीषण नावाचा वायरमन दोनदा येऊन गेला, पण दोन्ही वेळा दुपारी. दुपारी सगळं व्यवस्थित चालायचं. आजकालचे ट्रिप स्विच लई नाजूक, ते मधून काढून टाका आणि लाइन डायरेक्ट करा, असा सल्ला देऊन तो गेला.

डायरेक्ट म्हणजे काय, ते समजून घ्या. वीज आपली वाट सोडून कुणाच्या अंगातून जमिनीत उतरू लागली, की ट्रिप स्विच क्षणात पुरवठा तोडतो. तो घरातला पहारेकरी आहे. आणि आक्काबाई यंत्रात वैरण सारते ती अनवाणी, दवानं ओल्या झालेल्या जमिनीवर उभी राहून.

सोनाजीला सात वाजता कंपनीची गाडी गाठायची असे. आईनं पुन्हा विळा उचलला होता आणि रात्री खांदा धरून बसत होती. ते त्याला बघवेना. तो औरंगपुऱ्यात जाऊन दोन हात तार घेऊन आला. दुकानात तनुजा होती, आयटीआय शिकलेली वायरमन. तार कशाला हवी, एवढंच तिनं विचारलं. त्यानं सांगितल्यावर ती म्हणाली, मी येईपर्यंत जोडू नका, आणि बिघाड सकाळचा असेल तर मी सकाळीच येते.

शुक्रवारी साडेसहाला तिची स्कूटी अंगणात उभी राहिली. सोनाजी तार हातात घेऊनच बसला होता.

तिनं यंत्राची पिन माझ्यातून काढली आणि नुसतं माझं बटण दाबलं. ट्रिप स्विच पडला. यंत्र निर्दोष सुटलं. सोनाजी माझ्याकडे असं बघू लागला, जणू मी त्याचं काही चोरलं होतं. मित्रांनो, मला खरं कारण ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं.

तेव्हा आक्काबाई सहज बोलली. “पोरी, एक इचारू? मशीन चालू असलं की आमची चांदी शेळी त्या मिठाच्या विटंला तोंड लावंना. बंद केलं की चाटती.”

“आवाजाला भेती ती, माय,” सोनाजी म्हणाला.

“आवाजाला भेती, अन् कुट्टी मशीनच्या तोंडातून ओढून खाती व्हय?”

तनुजानं वर पाहिलं. माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर एक खिळा आहे. शेळ्यांना चाटायची मिठाची वीट दिवाळीपासून त्यावर टांगलेली होती. पत्र्यावरचं दव रोज पहाटे तिच्यावर ठिबकायचं आणि खारट पाणी भिंतीवरून माझ्या उघड्या तोंडात उतरायचं. दुपारी ते बरंचसं वाळायचं, म्हणून दुपारी मी शहाणा वाटायचो. पण थोडी वीज तेव्हाही त्या खारट ओघळातून विटेपर्यंत जात असे. चांदीच्या ओल्या जिभेला ती कळली होती.

तनुजानं मेन बंद केला, मला खोललं. आत पांढरा थर, पितळ हिरवं पडलेलं. आक्काबाईनं थरावर बोट फिरवून जिभेला लावलं. “मीठच हाय की.”

 हातातली तार सोनाजीनं गुंडाळली.

“मामा, ही जोडली असती तर ओलं बटण दाबताना झटका आजीला बसला असता,” तनुजा म्हणाली. “सारखा पडणारा तो स्विच आजीलाच राखत होता.”

तिनं पॉलिश पेपरनं मला घासलं, नव्या वायरीनं जोडलं. हा तात्पुरता इलाज आहे, झाकणवाला नवा सॉकेट आणा, मी बसवून देते, असं बजावून ती गेली. सोनाजीनं तीच दोन हात तार घेतली आणि मिठाची वीट अंगणापलीकडच्या कडुलिंबाला बांधून टाकली.

नवा सॉकेट येईल तेव्हा मी निघेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी स्विच सारखा पडत असेल तर त्याच्यावर चिडू नका. तो काय सांगतोय ते शोधा, जाणत्या माणसाला बोलवा, आणि माझ्यासारख्या उघड्यावरच्याला झाकण द्या.

आज अकरावा दिवस. यंत्र रोज सहा चाळीसला सुरू होतं. विळा आढ्याला खोचलेला आहे. यंत्र चालू असताना चांदी लिंबाखाली वीट चाटते. नवा सॉकेट अजून आलेला नाही. उद्या औरंगपुऱ्याला जातो, असं सोनाजी आज सकाळी म्हणाला. कालही म्हणाला होता.