यंत्राची खोली

तानुबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी चौपदरी केली, दाराच्या खालच्या फटीत ठासली आणि अंगठ्यानं दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्याशी तळहात धरून पाहिला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. पौषात सातपुड्यावरून सुटणारा वारा जळगाव जामोदच्या गल्ल्यांतून एकदा हिंडायला लागला, की धडधाकट माणसालाही हाडं आठवतात. बाळंतिणीच्या खोलीत त्याचं काय काम?

"कुठीबी भोक ठेवू नका, बाई," ती रुक्मिणीबाईंना म्हणाली. "मुंगी जाईल येवढंबी नाई. बाळंतिणीले वारं बाधते ते अशाच भोकातून."

रुक्मिणीबाईंनी मान डोलावली. एरवी गावाला उभं-आडवं घेणारी ही बाई तानुबाईपुढे मात्र शाळेतल्या पोरीसारखी वागे. तेवीस वर्षांपूर्वी आशा याच घरात तानुबाईच्या हातांत जन्मली होती, आणि आज त्या आशाचा मुलगा अकरा दिवसांचा होता. त्याच्या आधीची दोन हाताला लागली नव्हती. एक पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात झालं आणि एक रात्र राहून गेलं. त्यामुळे या खेपेला सगळं घर दबक्या पावलांनी चालत होतं, आणि माजघरात भांडं पडलं तरी घरधनी किसनरावांसारखा गडी माणूस दचकत होता.

आशाची बाज यंत्राच्या खोलीत टाकली होती. हे यंत्र म्हणजे किसनरावांची हौस. अकोल्याला एका गिरणीचा साहेब विलायतेला परत चालला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. किसनराव गेले होते जेवणाचं टेबल आणायला, आणि घेऊन आले एक लोखंडी पेटारा. उन्हाळ्यात तो गार वारा सोडी आणि हिवाळ्यात बटण फिरवलं की ऊन. खिडकी काढून तो भिंतीत बसवला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, खोली घट्ट पाहिजे, नाहीतर तुमचे पैसे भोकातून बाहेर जातील. म्हणून धाब्याच्या छताखाली फळ्या ठोकल्या, वरचा झरोका विटांनी बुजवला, भेगा चुन्यानं लिंपल्या. वैशाखात अर्धं गाव पाच-पाच मिनिटं त्या खोलीत बसून गेलं. तानुबाईही बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, उन्हाळ्यात हिवाळा अन् हिवाळ्यात उन्हाळा करायचा होता, तर देवानं ऋतू काय शोभेला केले? किसनराव तेव्हा मनापासून हसले होते.

बाळ आठ दिवसांचं झालं त्या संध्याकाळी दिवे मंद झाले, यंत्र घशातून घरघरलं, जळका वास आला आणि ते जे गप्प झालं ते झालंच. त्यावर कोणी फारसं हळहळलं नाही. तोवर शेगडी फक्त सकाळच्या शेकापुरती आत येई. आता ती रात्रंदिवस बाजेखाली राहू लागली. तानुबाईनंच ती लावून दिली. पस्तीस वर्षं तिनं अशाच शेगड्या लावल्या होत्या, आणि तिच्या हातची एकही बाळंतीण दगावली नव्हती. गावात तिची जी काही इभ्रत होती ती एवढीच होती.

अकराव्या दिवशी खामगावहून इंद्रभान मिस्त्री आला, तो यंत्र उघडून तासभर खोलीत बसला. बाजेपुढे पडदा धरला होता. पडद्याआड तानुबाई आशाच्या पायांना तेल लावत होती.

"डोकं लय दुखते वं, माय," आशा म्हणाली. "कालपासून. उठलं का गरगरते."

"अंगात रगत नाई तुह्या. डिंकाचा लाडू खाल्ला का?"

तानुबाईनं विचारलं खरं, पण तिचं स्वतःचं डोकंही ठणकत होतं. तीन दिवस रोज या खोलीत ते धरायचं, आणि विहिरीपर्यंत चालत गेलं की उतरायचं. वय झालं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. पडद्यापलीकडे मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. तानुबाईचं बोट आशाच्या पोटरीवर थांबलं. तिनं सहज कोनाड्याकडे पाहिलं. पाचवीच्या पूजेपासून तिथे तेलाचा दिवा तेवत होता. दिव्यात तेल भरपूर होतं, वात सकाळीच सारलेली, आणि तरी ज्योत वातीला चिकटून बसली होती, बुटकी, पिवळट.

अशी ज्योत तिनं आयुष्यात एकदाच पाहिली होती. माहेरी जमिनीखाली ज्वारीचं पेव होतं. पेव उघडलं की आत माणूस उतरवायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्या वर्षी कंदील विझला नाही, नुसता असा बुटका झाला. तिचा धाकटा भाऊ पुंजाजी हसला, म्हणाला, जळतो तर आहे. आणि उतरला. वर काढला तेव्हा तो निजल्यासारखा दिसत होता.

तानुबाईनं तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि शेगडी उचलून बाहेर ओसरीत आणून ठेवली. दार सताड उघडं टाकलं.

रुक्मिणीबाई धावत आल्या. लेकीला गारठ्यात टाकलं म्हणून त्या बोलल्याच. तानुबाईनं त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, या खोलीचं पेव झालं. शेगडी नका ठेवू आत."

रुक्मिणीबाईंचा चेहरा पांढरा पडला, आणि मग तांबडा झाला. पेवात पुंजाजी गेला हे त्यांनाही माहीत होतं. ओल्या बाळंतिणीच्या उंबऱ्यात उभं राहून मढ्याची गोष्ट काढावी? दोन गेलेल्या लेकरांवर हे तिसरं, आणि ही बाई असं अभद्र बोलते? त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडी आत नेली आणि दार ओढून घेतलं. वर असंही म्हणाल्या, की पस्तीस वर्षं शेगडी चालली, आजच काय तिला शिंगं फुटली?

त्याला तानुबाईकडे उत्तर होतं. पस्तीस वर्षं ज्या घरांत ती शेगडी लावत आली, त्या घरांच्या धाब्यांना झरोके होते, दारांतून मांजर जाईल एवढ्या फटी होत्या, आणि ती त्या फटींना शिव्या देत होती. पण हे सांगायचं म्हणजे दाराखालची पट्टी कुणी ठासली, शेगडी कुणी लावली, तेही सांगावं लागणार. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेनं तिचं तोंड शिवलं.

ओसरीवर किसनराव आणि इंद्रभान यांचं बोलणं चाललं होतं. मिस्त्री सांगत होता, याच्या पोटातला कॉम्प्रेसर जळला. गार करणारं आणि ऊन करणारं काळीज एकच, त्यामुळे दोन्ही कामं एकदम गेली. नागपूरला पाठवून दुरुस्त करायचं तर सातशे-आठशे लागतील आणि महिना जाईल. नवं घ्यायचं तर चार हजार, आणि मिळेल तेव्हा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली तर जुनं सोडून द्यावं असा त्याचा हिशेब होता. हे निम्म्याच्या बरंच आत होतं, पण विजेचा असाच खेळ राहिला तर पुन्हा जळणार नाही याची हमी तो देत नव्हता. किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. आठशे रुपये त्यांना जड नव्हते, फसवलं जाणं जड होतं.

"राहू दे तसंच भिंतीत," ते म्हणाले. "फागुनात पाहू. आता शेगडी हाये ना."

इंद्रभान पाने गोळा करू लागला. तेवढ्यात तानुबाई पुढे झाली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि किसनरावांकडे न पाहता रुक्मिणीबाईंकडे पाहिलं.

"बाई, एक सांगू? बंद पडलेली वस्तू बाळंतिणीच्या उशाशी ठेवत नसतात. मेलेलं यंत्र ते. बारशाच्या आत घराबाहेर गेलं पायजे."

अशी रीत तिनं जन्मात ऐकली नव्हती. यंत्रं आली काल-परवा, त्यांच्या रीती कुणी आणि कधी केल्या असतील? पण रुक्मिणीबाईंचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला. हवा-बिवा त्यांना कळत नव्हती, रीत कळत होती. त्यांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. घटकाभरात दोन गडी लागले, यंत्र भिंतीतून निघालं आणि बैलगाडीवर बसून मिस्त्रीबरोबर मोटारस्टँडकडे गेलं.

भिंतीत हातभर लांब-रुंद भोक राहिलं. तानुबाईनं त्यावर विरळ विणीचं पोतं टांगलं आणि यंत्र परत येईपर्यंत ते तसंच राहू द्या, चौकट मोडली तर मिस्त्री ओरडेल, असं बजावलं. हेही खोटंच. पोतं हळूहळू हलत होतं. कोनाड्यातली ज्योत उंच झाली, सरळ झाली. संध्याकाळपर्यंत आशाचं डोकं उतरलं आणि तिनं मागून भाकरी खाल्ली. तानुबाई घरी गेली ती वाटेत एका ओळखीच्या म्हशीशीसुद्धा बोलली. खरं न सांगता काम झालं, याचा तिला थोडा अभिमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. सकाळी तुरीच्या शेंगा काळ्या पडल्याची चर्चा ऐकत तानुबाई तेलाची वाटी घेऊन किसनरावांच्या अंगणात आली. रुक्मिणीबाई चुलीपुढे बसून खोकत होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"ये. तुले दाखवाचंच होतं. काल दिवस बुडता बुडता गवंडी लावून ते भोक बुजवून घेतलं. मिस्त्री ओरडला त ओरडू दे."

तानुबाईची नजर खोलीच्या बंद दाराकडे गेली.

"तूच म्हनली होती ना, मुंगी जाईल येवढंबी भोक ठेवू नका म्हनून? माह्या ध्यानात होतं. दोन शेगड्या ठेवल्या रातच्याले. मले खोकला, लेकराले लागंल म्हनून मी इकडंच निजली. आशाले म्हनलं, आतून कडी घाल."

रोज रात्री रुक्मिणीबाई आशाजवळच निजत आणि तीन-तीनदा उठत. दर खेपेला ते दार उघडत असे. काल उघडलं नव्हतं.

"अन् पोरगं?"

"काय गुणाचं लेकरू! रातभर उं नाही का चूं नाही. अजून निजले दोघंबी."

तानुबाईनं वाटी ठेवली कुठे हे तिलाही कळलं नाही. दाराला तिनं खांदा लावला. आतली कडी पक्की होती, आणि खालच्या फटीत तिनंच ठासलेली पट्टी जागची हलली नव्हती.

"आशा. माय माही, कडी काढ."

तिनं पुन्हा हाक मारली. मग ती घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी धावली. रुक्मिणीबाई काय झालं, काय झालं करत मागून येत होत्या. जिथे यंत्र होतं तिथे आता विटा होत्या, वर शेणमातीचा लिंपा, त्यावर गवंड्याची बोटं उमटलेली. तानुबाईनं तळहात ठेवला. लिंपा अजून ओला होता. गवंड्याची पहार तिथेच भिंतीला टेकून उभी होती.

पहिली वीट आत पडली तशी पेवाची कोंदट ऊब तिच्या तोंडावर आली. भोकातून कोनाडा दिसत होता. त्यात उजेड नव्हता. कान लावून ऐकायला ती थांबली नाही. तिनं पहार पुन्हा उचलली.