चार बोटांची दुमड

ठकूच्या आईने शिवलेल्या प्रत्येक कपड्याला खाली चार बोटं दुमड असायची. शिंप्याच्या घरचा शिरस्ताच तो. पोर वाढतं, कापड वाढत नाही. म्हणून आधीच थोडं आत दुमडून ठेवायचं आणि पोर उंच झालं की सोडायचं. ठकूच्या कपड्यांच्या दुमडी मात्र दोन वर्षं सुटल्या नव्हत्या. बारा वर्षांच्या ठकूला दहाव्या वर्षीचा फ्रॉक अजून नीट होत होता. विटला होता, विरला होता, पण आखूड काही झाला नव्हता.

आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी चार वेळा रक्त काढून झालं, मनगटाच्या हाडांचा फोटो झाला, आणि डॉक्टरांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं.

"इथे, मेंदूच्या तळाशी, एक ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन तिथून सुटतं. हिच्यात ते कमी पडतंय. का कमी पडतंय ते एमआरआय केल्यावर कळेल, मग औषध सुरू करू. फक्त फार उशीर नको. हाडांना वाढायची मुदत असते."

एमआरआयला गेल्यावर ठकूने चौथ्याच मिनिटाला फुगा दाबला. काही वाटलं तर दाब म्हणून हातात रबरी फुगा देतात, तो. तोंडावर जाळीचं शिरस्त्राण, नाकापासून वीतभर अंतरावर छत, आणि मग जे ठोकायला सुरुवात झाली! कुणी बाहेरून पत्र्यावर हातोडे मारतंय असं तिला वाटलं. बाहेर काढलं तेव्हा ती घामाने भिजली होती. एकही चित्र धड आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. "या वेळी चाळीस मिनिटं हलायचं नाही हं, बाळ," टेक्निशियन ताई म्हणाल्या होत्या. "नाहीतर भूल देऊन करावं लागेल, आणि त्यासाठी चार महिने थांबावं लागतं."

चार महिने. ठकूने घरी येऊन कॅलेंडर पाहिलं आणि ते उलटं करून ठेवलं.

घराला लागूनच त्यांचं शिवणाचं दुकान होतं. आबा, म्हणजे आईचे वडील, पन्नास वर्षं कापड बेतत आले होते. आई साध्या मशीनवर, मावशी कडा मारायच्या ओव्हरलॉकवर, आणि कोपऱ्यात काजांची मशीन. मावशी नात्याची कुणी नव्हती. अकरा वर्षं ओव्हरलॉक चालवून मावशी झाली होती. ठकूचे बाबा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असत आणि रोज संध्याकाळी फोन करून एकच प्रश्न विचारत, "जेवलीस का?" त्या आठवड्यात ठकू रोज हो म्हणत होती आणि ताटात अर्धं टाकत होती.

आईचं तिच्याहून जास्त बिनसलं होतं. एका गिऱ्हाईकाच्या सदऱ्याला तिने दोन्ही बाह्या उजव्या लावल्या.

"ताई, गिऱ्हाईकाला दोन उजवे हात असतील तर बरंय," मावशी म्हणाली. "नसतील तर उसवा."

आबांनी हे सगळं दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी ठकू शाळेतून आल्यावर त्यांनी तिला हाक मारली.

"ठकू, टेबलाखाली काय आहे?"

कटिंगच्या टेबलाखाली कापडाचे तागे ठेवायची लांब फळी होती. लहानपणी ठकू तिथेच झोपायची. आज ती रिकामी होती आणि तिच्यावर गोधडी अंथरली होती.

"मला नाही सराव करायचा," ठकू लगेच म्हणाली.

"सराव कोण म्हणालं? दोन मिनिटं पड. दोनच. मशीन सगळ्या बंद."

"आणि मला नाही आवडलं तर?"

आबांनी खिशातून एक रबरी फुगा काढला. स्कर्टच्या घेरावर खुणा करायला खडूची भुकटी उडवायचं जुनं यंत्र होतं, त्याचा फुगा. भुकटीची नळी अजून तशीच होती. "तर हा दाब. मी लगेच बाहेर काढेन. का दाबलास, असं विचारणार नाही."

"त्या दिवशी मी दाबला तो..."

"दाबण्यासाठीच असतो तो. ब्रेक दाबला म्हणून ड्रायव्हरला कुणी भित्रा म्हणतं का? तुझ्या बापाला विचार."

ठकू फळीवर सरकली. टेबलाची खालची बाजू नाकाच्या जवळ आली. तिथे तिने चौथ्या वर्षी खडूने काढलेला हत्ती अजून होता. मिनिटभरातच तिने फुगा दाबला. भस्सकन खडू उडाला आणि आबांची काळी पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. मावशी एवढी हसली की तिच्या सुईखालचं कापड वाकडं गेलं.

"बघितलंस?" पँट झटकत आबा म्हणाले. "फुगा चालू आहे. आता खात्री झाली. उद्या तीन मिनिटं."

आबा कुणालाही शिकवताना असेच शिकवत. नव्या माणसाला पहिला आठवडा ते कात्री देतच नसत. फक्त खडू आणि जुनं वर्तमानपत्र. खडूची रेघ पुसता येते, कात्रीची नाही, हे त्यांचं म्हणणं. ठकूच्या बाबतीतही त्यांनी घाई केली नाही. तीन मिनिटं, मग पाच. पाचव्या दिवशी चेहऱ्यावर रिळांची जाळीदार टोपली उलटी ठेवली. तेव्हा ठकूने पुन्हा फुगा दाबला, आणि आबांनी खरंच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी टोपली स्वतःच्या तोंडावर ठेवून ते फळीवर आडवे व्हायला निघाले, तर आई ओरडली, "आबा, पायात ऑपरेशनची सळी आहे तुमच्या! अडकलात तर कोण काढणार?"

"मावशी काढेल. उसवून."

नवव्या दिवशी मशीन सुरू झाल्या.

"डोळे मीट," आबा म्हणाले. "हा आवाज कुणाचा?"

"साधी मशीन. आईची."

"काय शिवतेय?"

ठकूने ऐकलं. लांब, न थांबता जाणारी टीप. "बाजू. सदऱ्याची बाजू."

"हा?"

"ओव्हरलॉक. कडा मारतेय." मग एक थांबून थांबून घोंगावणारा आवाज आला. "हे काज. एक झालं. दुसरं."

"आता नीट ऐक. एमआरआयच्या मशीनला बोलता येत नाही. ती ठोकते, घोंगावते, कर्कश ओरडते. तू तिला सदरा शिवायला लाव. आवाज आला की ओळखायचं, हे कुठलं काम. खांदे, कॉलर, बाह्या, बाजू, कफ, काजं, बटणं. चाळीस मिनिटांत एक सदरा होतो."

"आणि ओळखू नाही आला तर?"

आबांनी विचार केला. त्यांना खोटं सांगायची सवय नव्हती. "तर समजायचं, कारखान्यात नवी मशीन आलीय. तिला विचारायचं, बाई, तू काय काम करतेस?"

"आणि ती ग्रंथी? ती केवढी असते?"

आबांनी बटणांच्या डब्यात बोटं फिरवली आणि कॉलरचं एक छोटं बटण तिच्या तळहातावर ठेवलं. "साधारण एवढी. एवढंसं बटण शोधायचंय त्यांना. तू हललीस तर बटण हरवेल."

त्या रात्री ठकूने ताटातलं सगळं संपवलं.

जायच्या आदल्या दिवशी आईने तिच्यासाठी सुती सदरा-पायजमा शिवला. चेन नाही, हुक नाही, धातूचं बटण नाही. सगळीकडे कापडाचे बंद. "लोखंडाचा कण नाही याच्यात," आई मावशीला तीनतीनदा दाखवत होती. सुई ओवताना मात्र तिचा दोरा तीनदा निसटला.

सकाळी तिघं पोचली. आबांच्या पायात सळी असल्यामुळे त्यांना आतल्या दाराच्या पुढे मनाई होती. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि आईने आपल्या बांगड्या, घड्याळ, किल्ल्या आणि पर्समधली सुईदोऱ्याची डबी त्यांच्या मांडीवर रिकामी केली.

"दुकानच मांडलंस की," आबा म्हणाले.

आत ठकूच्या हाताच्या शिरेत सुई टोचून नळी बसवली. चित्रं स्पष्ट यावीत म्हणून मध्येच एक औषध द्यायचं होतं. ठकू रडली नाही. फुगा कुठल्या हातात धरायचा ते तिने आपणहून विचारलं. मग टेक्निशियन ताईंनी धातू शोधायची दांडी तिच्या अंगावरून फिरवली. डोकं, खांदे, कंबर. सगळं शांत. दांडी घोट्याशी आली आणि किंचाळली.

"काय आहे इथे?"

"काही नाही! मी स्वतः शिवलंय," आई म्हणाली. "कण नाही लोखंडाचा."

दांडी पुन्हा किंचाळली. आई खाली वाकली, पायजम्याची कड उलटली, आणि तिचे कान लाल झाले. दुमडीत टाचणी होती. एक डाव्या पायाला, एक उजव्या. आईने चार बोटं आत दुमडली होती, टाचणी लावली होती, आणि टीप घालायची विसरली होती.

"वीस वर्षं झाली मला शिवायला," आई पुटपुटली. "वीस वर्षं. आणि नेमकं आज..."

"आई," ठकू म्हणाली, "तू एमआरआयच्या कपड्यालासुद्धा वाढ ठेवलीस?"

"हाताला सवय," आई म्हणाली.

"हा पायजमा मी आजच घालणार होते ना? एकदाच?"

"आता टर उडवू नकोस माझी."

ठकू हसायला लागली. मग टेक्निशियन ताई हसल्या, आणि शेवटी आईही. तीन आठवडे छातीत धरून ठेवलेला श्वास तिथे कुणीतरी सोडल्यासारखा झाला. टाचण्या निघाल्या, तशा दुमडी सुटल्या, आणि पायजमा ठकूच्या पावलांवरून जमिनीवर लोळू लागला. आई टाचण्या आबांकडे देऊन आली. दांडी पुन्हा फिरली. आता दोघींचंही सगळं शांत होतं. दोन पायांत दोन पिशव्या घातल्यासारखी ठकू फरफटत पलंगापर्यंत गेली.

"राहू दे तसंच," ताई म्हणाल्या. "आत गार असतं. पाय झाकलेले बरे."

शिरस्त्राण आलं. पलंग आत सरकला. आईला पायाशी खुर्ची दिली होती. तिने कापडावरून ठकूचा घोटा धरला.

ठोकायला सुरुवात झाली. ठकूने डोळे मिटले. हे ठोकणं कसलं? कॉलरला इस्त्रीआधी मुठीने ठोकतात, तसं. कॉलर. बरं. मग लांब एकसारखा आवाज. बाजू? खांदे जोडायच्या आधी बाजू? मग घोंगावणं, थांबणं, घोंगावणं. काजं! बाह्यांचा पत्ता नाही आणि काजं करतोय! हा कुठला शिंपी, आबांनी याला पहिल्या दिवशीच घरी पाठवला असता. हसू ओठांपर्यंत आलं, ते तिने गिळलं. हललं तर बटण हरवतं.

कानातल्या फोनमधून ताईंचा आवाज आला. "छान चाललंय. आता औषध देतेय, हाताला गार लागेल." गार लागलं. त्यानंतर असा आवाज सुरू झाला, जो दुकानात कधीच नव्हता. दात ओढून काढल्यासारखा, खर्रर्र, खर्रर्र, डोक्याच्या आतून. अंगाखालचा पलंग थरथरला. ठकूची बोटं फुग्यावर आवळली. दाबला की संपेल. कुणी काही विचारणार नाही. आबांनी शब्द दिला होता.

घोट्यावरचा आईचा हात तसाच होता.

बाई, ठकूने मनात विचारलं, तू काय काम करतेस?

खर्रर्र, खर्रर्र. टाका तुटावा तसा. एकामागून एक, एकामागून एक. दुकानात उसवायची मशीन नव्हती. उसवायचं काम ब्लेडने, हाताने चालायचं. पण नवी आली असेल. ही उसवतेय, ठकूने ठरवलं. शाळेच्या स्कर्टची दुमड. फ्रॉकची. निळ्या सलवारीची, जिची कड आत अजून नवीकोरी निळी आहे. एकेक टाका. तिची बोटं फुग्यावरून सैल झाली. सगळे कपडे आठवून संपत आले तेव्हा आवाज थांबला, आणि पलंग बाहेर सरकू लागला.

"झालं?" ठकूने विचारलं.

"झालं. सगळी चित्रं स्वच्छ आलीत," ताई म्हणाल्या. "डॉक्टर परवा रिपोर्ट सांगतील."

दोन्ही हातांनी पायजमा वर धरून ठकू बाहेर आली. आबा त्याच बाकावर होते.

"झाला सदरा?"

"झाला. पण त्याने काजं आधी केली, आबा! बाह्या लावल्याच नाहीत!"

"अरेरे. गिऱ्हाईक मारेल त्याला." आबा आईकडे वळले. "बस. पोरगी पडेल पायजम्यात अडकून. टीप घाल."

त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या एका हातात दोन टाचण्या होत्या, दुसऱ्या हातात दोरा ओवलेली सुई.

आईने सुई घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. दोऱ्याचं टोक चघळून चघळून ओलं, चपटं झालं होतं. बाकाखाली दोऱ्याचे वीसेक तरी तुटके तुकडे पडले होते. आजवर आबांना सुई ओवायला दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

"किती वेळ लागला ओवायला?" तिने हळूच विचारलं.

"तुम्ही बाहेर यायच्या जरा आधी गेला आत," आबा म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आई खाली बसली. तिने कापड आत दुमडलं, बोटं लावून मोजलं.

"चार?" तिने विचारलं.

"चार," ठकू म्हणाली. "टाके जरा सैल घाल. उसवायला बरे पडतात."