वाल्टेनब्रुकचा हिरवा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे, मित्रांनो. देशाचा नव्हे, एका फुटबॉल क्लबचा. तो क्लब आता उरला नाही, म्हणून माझी कहाणी कुणाला ऐकावीशी वाटेल का, अशी शंका येते.

जर्मनीतल्या वाल्टेनब्रुक या लहान गावी गिरणीतल्या बायकांनी मला शिवलं. क्लबही गिरणी कामगारांचाच. सामन्याआधी मी वर चढायचो, मगच खेळाडू मैदानात उतरायचे. एका वर्षी आम्ही वरच्या गटातही गेलो. पुढे गिरणी बंद पडली. शेजारच्या गावचा श्रीमंत क्लब म्हणाला, "आमच्यात या, नाव तुमचंच ठेवू." सगळे हो म्हणाले. वर्षभरात नाव पुसलं गेलं. मला मात्र एका जुन्या यंत्राभोवती गुंडाळलं आणि यंत्राबरोबर विकून टाकलं.

यंत्र बहारीनला, मआमीर या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आलं. तिथले फिटर हारूनभाई रत्नागिरीचे. कुणीतरी माझ्यावर ग्रीसचे हात पुसायला निघालं, तेव्हा ते म्हणाले, "ठेव रे. ह्यो झेंडा हाय, तुझी लुंगी नाय."

त्यांनी मला धुतलं. शुक्रवारी नमाजानंतर वाळूच्या मैदानावर त्यांचा संघ खेळे, तिथे लोखंडी पाइपवर चढवलं. नियमही त्यांनीच केला : जो झेंडा चढवील, त्यानंच उतरवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चढवायचे तेच, म्हणून उतरवायचेही तेच. मला वाटलं, हा माणूस सोडणार नाही.

मग बाब अल बहरीनच्या बाजारातल्या एका दुकानदारानं संघाला बूट आणि जर्सी देऊ केल्या. अट एकच, नाव आणि झेंडा दुकानाचा. पुढचे सामने मुहर्रक शहरात, हिरवळीवर. वाळूवरचा शेवटचा सामना संपला, मी अजून पाइपवरच होतो; हारूनभाईंनी तिथेच वाळूत बसून नवे बूट चढवले.

"चावत्यात काय?" वर्कशॉपच्या ऑफिसातल्या प्रज्योतनं विचारलं.

"चावू दे. नवे हायत ना."

"आणि झेंडा, हारूनभाई? तुम्हीच उतरवायचा."

व्हॅनचा हॉर्न वाजला. हारूनभाईंनी वर पाहिलंही नाही. "पुढच्या शुक्रवारी येऊन नेतो, इंशाल्ला. यल्ला, चल."

नियम मोडायला नको म्हणून प्रज्योतनंही मला हात लावला नाही.

त्यानंतर किती शुक्रवार गेले. वाळूच्या वाऱ्यानं माझी एक कड विरली, नावाची अक्षरंही गळू लागली.

मित्रांनो, एखादी गोष्ट नकोशी झाली, तर तिला खुशाल निरोप द्या. गिरणीवाल्यांनीही मला निदान विकलं. पण ‘येतो’ म्हणून जाऊ नका. मी अजून रस्त्याकडे बघतो.