साबणदाणीतला रेडिओ

तारघरात बावीस वर्षं मुकुंदरावांनी मोर्सची चावी बडवली. त्यांची कडकट्ट ऐकली की पलीकडच्याला नाव विचारावं लागत नसे. ब्याऐंशी साली अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हातच रुसला. मग सौंसरला घरी बसून त्यांनी डाव्या हातानं हौशी रेडिओचा एवढासा संच जुळवला, तोही चक्क साबणदाणीत. ऐकायला एक चौकोनी बॅटरी, पाठवायला टॉर्चचे आठ सेल. पण माणूस असा हट्टी, की चावी दाबायची ती उजव्याच हातानं. चावीवरचा आपला हात अजून कुणाला ओळखता येतो का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

ऐकणार होता पांढुर्ण्याचा रवींद्र, त्याच तारघरातला जुना जोडीदार. परवाना दोघांकडेही होता. रविवारी सकाळी आठला मुकुंदरावांनी पाच मिनिटं पाठवायचं, मग रवींद्रनं उत्तर द्यायचं, असं पत्रानं ठरलं.

मुकुंदरावांनी घाम गाळत पाठवलं. बरोबर पाच मिनिटांनी रवींद्रच्या दणकट संचावरून उत्तर आलं: एकदम स्वच्छ, अक्षर न् अक्षर कळलं, हात पूर्वीसारखाच.

मुकुंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला, सुधाताईंना, हाक मारून सगळं सांगितलं. त्या चहाचा कप घेऊन जागच्या जागी थबकल्या.

"अहो, त्यातले दोन सेल तर मी काल लाइन गेली तेव्हा टॉर्चमध्ये टाकले. तुम्ही कशानं पाठवून राहिले होते?"

मुकुंदरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. म्हणजे डबी मुकीच होती आणि रवींद्रनं नुसतं घड्याळ पाहून थाप मारली होती. दया आली म्हणून! त्यांना राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. सुधाताईंनी निमूटपणे सेल आणून बसवले. रवींद्र अजून कान लावून बसलेला असणार हे मुकुंदरावांना ठाऊक होतं. त्यांनी दातओठ खात त्याला दोन ओळी हाणल्या.

मग रवींद्रची चावी वाजू लागली, जरा अडखळत.

"मघाशी काहीच नव्हतं आलं. तुझं मन मोडायची हिंमत नाही झाली. आता येऊन राहिलं, पण लई बारीक. अर्धं सुटलं. हात मात्र तुझाच आहे. सुटलेलं पुन्हा पाठव."

सुटलेलं अर्धं म्हणजे नेमकी शिवी होती. मुकुंदरावांनी ती पुन्हा पाठवली, सावकाश, एकही ठिपका न चुकवता.